पाच-इन-वन रिफ्लेक्टर: गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंत वापरून

फोटो काढताना उजेड परतवून माणसावर टाकणारा ११० सेंटिमीटरचा घडीचा रिफ्लेक्टर गणपतीच्या आधी घेतला, आता बाजारात आंबे आलेत. तेवढ्या काळात पावसाळी ढगातला उजेड, हिवाळ्यातलं तिरपं ऊन आणि मार्चची रणरणती दुपार, सगळं पाहून झालं. नवशिक्याने दुसऱ्या लेन्ससाठी पैसे साठवण्याआधी हा घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय. दोन हजारांच्या आत मिळतो आणि एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, शिकवतो.

रचना साधी. पोलादी पट्टीच्या गोलावर ताणलेलं अर्धपारदर्शक पांढरं कापड म्हणजे डिफ्युझर, ऊन गाळून मऊ करणारा. त्यावर चेनची खोळ. ती उलटसुलट करून चंदेरी, सोनेरी, पांढरी आणि काळी बाजू मिळते.

सगळ्यात जास्त शिकलो संक्रांतीला. काळी चंद्रकळा आणि अंगावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतं. चौकटभर काळं लुगडं दिसलं की ते एक्सपोजर वाढवतं, मग साडी राखाडी होते आणि हलवा जास्त उजळून नुसता पांढरा ठिपका उरतो. म्हणून स्पॉट मीटरिंग (फक्त एका लहानशा जागेचा उजेड मोजणं) हलव्यावर ठेवलं आणि तिथल्या मापापेक्षा दीड स्टॉप जास्त दिला; एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट, कमी केला की निम्मा. हलवा पांढरा राहिला, तपशील टिकला, साडी काळीच आली. पण हलव्याचा काटा दिसेना, कारण उजेड समोरून होता. मुलीला खिडकीला काटकोनात बसवलं आणि दुसऱ्या बाजूला रिफ्लेक्टरची काळी बाजू धरली. भिंतीवरून परतणारा उजेड अडला, प्रत्येक दाण्याच्या एका अंगाला सावली आली आणि काटा उठून दिसला. उजेड वाढवण्याइतकंच तो काढून घेणंही कामाचं असतं, आणि काळ्या बाजूबद्दल फारसं कुणी बोलत नाही याची मला खरंच खंत वाटते.

चेहऱ्यासाठी मात्र पांढरी बाजू. खिडकीशी बसवलेल्या आजीच्या दोन्ही गालांवर स्पॉट मीटरने माप घ्या. दोन स्टॉपचा फरक असेल तर रिफ्लेक्टर हळूहळू जवळ आणा आणि पुन्हा मोजा. फरक एका स्टॉपवर आला की सुरकुत्याही राहतात आणि डोळाही अंधारात बुडत नाही. असं चारदा मोजलं की ‘स्टॉप’ म्हणजे काय हे आकड्यात नाही, डोळ्यांना कळतं.

भर दुपारी डिफ्युझर डोक्यावर धरावा, चौकटीत येणार नाही इतपत चेहऱ्याच्या जवळ. जवळ असला की चेहऱ्याच्या मानाने तो मोठा होतो आणि सावलीची कड मऊ पडते. माझा साधारण एक स्टॉप उजेड खातो. शटर १/५०० सेकंद असेल तर १/२५० करावं लागतं. मागचं अंगण मात्र उन्हातच असतं, ते तेवढंच जास्त उजळतं. म्हणून पार्श्वभूमी सावलीतलीच निवडावी.

चंदेरी बाजू लांबून वापरावी. जवळून उजेड टोचतो, माणूस डोळे मिचकावतो. सोनेरी मी जवळपास बंदच केली. एका गालावर खिडकीचा निळसर आणि दुसऱ्यावर पिवळा उजेड आला, की व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी, एकाच वेळी दोन्हीकडे जुळत नाही.

त्रास दोन. एकट्याने फोटो काढताना धरायला माणूस लागतो. क्लॅम्पचा स्टँड मिळतो, पण गच्चीवरच्या वाऱ्यात तो शिडासारखा उलथतो, पायाशी वाळूची पिशवी हवीच. आणि घडी: दोन्ही हात कडेला समोरासमोर धरायचे, एक मनगट आत आणि एक बाहेर पिळायचं, मग तीन वेटोळी आपोआप पडतात. जोर लावला तर पट्टी कायमची वाकते.

आकार विचारत असाल तर एका माणसाच्या अर्ध्या फोटोला ११० पुरतो आणि घडी पाठीवरच्या सॅकमध्ये मावते. नवरा-नवरीचा उभा पूर्ण फोटो हवा असेल तर दीड बाय दोन मीटरचा लंबगोल घ्या, फक्त तो धरायला दोघंजण लागतील.