लॉगिन कॅश: लोड नसेल तोवर झकास
टेस्टिंगला मस्त चालतो हा ॲप सर्व्हर, पण पीक लोडला लॉगिन कॅशची (एकदा तपासलेलं लॉगिन थोडा वेळ लक्षात ठेवणारा साठा) मुदत संपली की सगळे थ्रेड (सर्व्हरमध्ये एकाच वेळी चालणारी कामं) एकदमच एलडॅपवर, म्हणजे युजर-पासवर्ड तपासणाऱ्या डिरेक्टरीवर, तुटून पडतात, कारण एका युजरसाठी एकच चौकशी पाठवून बाकीच्यांना थांबवायचं हे याला जमतच नाही. कॅशचा साइज डिफॉल्ट ठेवला तर अजून वाईट, युजर वाढले की जुन्या एन्ट्री बाहेर, परत एलडॅप, परत रांग. बरं मुदत वाढवावी तर पासवर्ड बदलला तरी जुना चालतोय, अकाउंट बंद केलेला माणूस आरामात आत, आणि कॅश साफ करायची कमांड फक्त त्याच नोडवर (एका सर्व्हरवर) चालते, क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या गटातल्या, बाकीच्या सर्व्हरना पत्ताच नाही!! मुदतीत थोडा रँडम फरक टाकता येतो, म्हणजे सगळ्या एन्ट्री एकदम संपत नाहीत, म्हणून दोन स्टार, नाहीतर एकच दिला असता.