राडोमच्या दोन रायफली: डब्ल्यूझेड 29 घ्यावी की एम 44?

जुन्या पोलिश लष्करी रायफलींचा संग्रह सुरू करू पाहणाऱ्यापुढे पहिल्या खरेदीसाठी बहुधा दोन पर्याय येतात: दुसऱ्या महायुद्धापूर्वीची डब्ल्यूझेड 29 आणि युद्धानंतरची एम 44 कार्बाइन (आखूड नळीची रायफल). दोन्ही पोलंडमधील राडोम शहरात बनल्या, पण त्यांच्याशी वागण्याची रीत अगदी वेगळी आहे. पहिलीचे मोल तिच्यावरील खुणांत असल्यामुळे तिला शक्य तितका कमी हात लावावा लागतो. दुसरी हात लावूनच शिकण्याजोगी आहे.

डब्ल्यूझेड 29 ही जर्मन माउझर 98 रायफलीच्या पद्धतीची, 600 मिलिमीटर नळीची आणि 7.92×57 (म्हणजेच 8 मिलिमीटर माउझर) काडतुसाची रायफल. या पद्धतीच्या पोलिश उत्पादनाचा पाया पहिल्या महायुद्धानंतर डान्झिगच्या (आजच्या ग्दान्स्कच्या) शस्त्रागारातून मिळालेल्या यंत्रसामग्रीने घातला. नळीच्या मुळाशी मुकुटधारी गरुड, कारखान्याचे नाव आणि वर्ष कोरलेले असते. यातील बऱ्याच रायफली यादवीच्या काळात स्पेनच्या प्रजासत्ताक सैन्याला विकल्या गेल्या, तर 1939 नंतर कारखान्यासह कित्येक जर्मनांच्या हाती पडल्या. त्यामुळे आज समोर येणाऱ्या नगावर पोलिश गरुडाशेजारी जर्मन तपासणीचा शिक्काही दिसू शकतो. स्पेनहून आलेल्या नगाची नळी बहुधा झिजलेली आणि सुट्या भागांचे क्रमांक न जुळणारे असतात. असे क्रमांक म्हणजे दोष, असे विक्रेता भाव पाडून सांगेल, पण माझ्या मते ती त्या रायफलीची खरी कहाणीच आहे.

म्हणूनच हिचा दस्ता (लाकडी भाग) पॉलिश पेपरने घासणे हा सर्वांत महागडा उत्साह ठरतो, कारण लाकडावरचे शिक्के एकदा गेले की कोणताही कारागीर ते परत आणू शकत नाही. धातूला नव्याने काळा रंग चढवण्याचा मोहही टाळावा. सक्रिय गंज तेल आणि बारीक स्टील वूलने हलकेच काढावा, जुनी काळसर झाक तशीच राहू द्यावी.

एम 44 ची गोष्ट सोपी आहे. ही सोव्हिएत मोसिन कार्बाइन राडोममध्ये 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात बनली. तिच्यावर लंबवर्तुळात 11 हा कारखान्याचा क्रमांक असतो, आणि सोव्हिएत युद्धकालीन नगांपेक्षा हिची सफाई सरस असते. गोदामातून आलेली रायफल जाड ग्रीसने माखलेली असते. दस्ता काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उन्हात ठेवला की लाकडातून ग्रीस पाझरते, ते पुसायचे आणि पुन्हा ठेवायचे. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा सरकता दांडा, कोणत्याही हत्याराशिवाय उघडतो. मात्र जोडताना फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) 0.075 ते 0.095 इंच पुढे येते का, हे सोबतच्या पान्याच्या खाचांनी तपासावेच. बोल्ट अडकत असेल तर दोष बहुधा यंत्रणेत नसून चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागेत) वाळलेल्या ग्रीसचा असतो.

गोळी झाडण्यापूर्वी दोन्हींचे हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, गनस्मिथकडून (बंदूक-कारागिराकडून) मोजून घ्यावे. जुन्या लष्करी काडतुसांचे प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) क्षारयुक्त आणि नळी गंजवणारे असतात, म्हणून नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि तेल लावावे. अमेरिकन कंपन्या 8 मिलिमीटर माउझरची काडतुसे मुद्दाम सौम्य भरतात. डब्ल्यूझेड 29 साठी ते बरेच आहे. एम 44 चा धक्का आणि तोंडाशी उठणारा जाळ दणकट असतो, शिवाय संगीन उघडी की मिटलेली यावरही नेम बदलतो.

नियमितपणे झाडायची आणि दुरुस्ती शिकायची असेल तर पहिली खरेदी एम 44 चीच करावी. पोलंडच्या इतिहासाची ओढ असेल तर डब्ल्यूझेड 29 साठी थांबावे, आणि मिळाल्यावर ती जवळपास आहे तशीच ठेवावी. अमेरिकेतील मराठी वाचकांना 50 वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठीचा संग्राहक परवाना उपयोगी पडतो, तरी राज्याचे नियम वेगळे पाहावेत. भारतात 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे तिथे असा संग्रह व्यवहार्य नाही.