‘टोइंग रेडी’ म्हणून विकलेली गाडी: ट्रेलरसाठी जुनी एसयूव्ही घेणाऱ्या बेळगावकरांना सावधगिरीचा इशारा

खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाने झोपायची सोय असलेला छोटा ट्रेलर ओढण्यासाठी २०१२ ची स्कॉर्पिओ घेतली. मागे हुक बसवलेला, ट्रेलरच्या दिव्यांसाठी सात पिनांचं सॉकेट लावलेलं, काचेवर ‘टोइंग रेडी’ची चिठ्ठी. विकणारा म्हणाला, “मामा, उसाची ट्रॉली ओढंल ही, तुमचा डबा काय घेऊन बसलाय!” पहिल्याच फेरीत कणकुंबीवरून गोव्यात उतरताना ब्रेकचा जळका वास आला. परतीला चोर्ला घाट चढताना क्लच संपला, आणि मुलाबाळांसह रात्र वळणावर काढावी लागली. गाडी नंतर रॅम्पवर घेऊन उघडली, तेव्हा बाहेर आलं ते नशीब नव्हतं, केलेलं काम होतं. ते काम कसं केलं जातं आणि कसं पकडायचं, ते इथे लिहितो आहोत.

रिकाम्या गाडीत झाकता येतात ते सगळे दोष भाराखाली उघडे पडतात. विकणारा तुम्हाला गाडी रिकामी चालवून दाखवतो, तीही टिळकवाडीच्या सपाट रस्त्यावर, फार तर हायवेला दोन किलोमीटर. तुम्ही ती घेता मात्र सात-आठशे किलो मागे बांधून घाट चढण्यासाठी. फसवणूक होते ती या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत.

आधी हुक, कारण तिथे जिवाशी खेळ आहे. या गाडीचा हुक चॅसिसला नव्हताच. बंपरच्या आतल्या पत्र्याच्या ब्रॅकेटला लोखंडी अँगल वेल्ड केला होता, त्यावर ट्रेलर अडकवायचा गोळा, आणि वरून जाड काळा रंग. तारेच्या ब्रशने रंग खरवडल्यावर वेल्डिंगच्या कडेने बोटभर लांब चीर दिसली. चीर नेहमी तिथेच येते, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं लोखंड ठिसूळ होतं आणि ट्रेलरचे धक्के सतत त्याच रेषेवर बसतात. खरा हुक चॅसिसच्या दोन्ही लांब बारांना नटबोल्टने बसवलेला असतो. १२ मिलिमीटरचे बोल्ट, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला, मागे जाड प्लेट. आकडा नसलेला बोल्ट म्हणजे साधा बाजारी बोल्ट. गाडीखाली झोपून मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर पाच मिनिटांत कळतं. रंग ताजा आणि फक्त हुकापुरताच असेल तर खरवडून पाहू द्या म्हणा. नाही म्हणाला, तर पुढे बोलणं नको.

गोळ्याचा व्यासही मोजा. ५० मिलिमीटरचा गोळा आणि दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा गोळा डोळ्यांना सारखेच दिसतात. ५० च्या कपलरमध्ये (गोळ्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकात) मोठा गोळा नीट बसत नाही आणि मोठ्या कपलरमध्ये लहान गोळा खडखडतो. खड्ड्यात तो उसळला तर ट्रेलर सुटतो. व्हर्नियर कॅलिपर उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याकडे मिळेल.

सॉकेटची गोष्ट ऐकून कुणालाही राग येईल. झाकण उघडलं तर पितळी पिना चकचकीत, पण मागे सातपैकी तीनच वायरी, त्याही केसासारख्या बारीक, बल्बच्या वायरला पिळून टेप गुंडाळलेल्या. अर्थची पांढरी वायर नव्हतीच. प्रचलित मांडणीत पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, पांढरी अर्थ, लाल ब्रेक लाइटची, आणि तपकिरी व काळी या उजव्या-डाव्या टेललाइटच्या. अर्थ नसली की ब्रेक दाबल्यावर ट्रेलरचे इंडिकेटरही मंद पेटतात आणि मागच्याला काहीच उमगत नाही. ट्रेलर जोडून एकेक दिवा लावून पाहा. ट्रेलर हाताशी नसेल तर १५०-२०० रुपयांचा टेस्ट लॅम्प पुरतो.

क्लच. रिकाम्या गाडीत अर्धा झिजलेला क्लचही गाडी खेचतो, म्हणून बाजारात फिरून काही कळत नाही. चढावर चौथ्या गिअरला, टॅकोमीटर १,५०० च्या आसपास असताना, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि वेग बरोबर चढले पाहिजेत. काटा उडाला आणि गाडी जागच्या जागीच राहिली, तर क्लच घसरतो आहे. या गाडीची प्लेट काढली तेव्हा रिव्हेट फ्लायव्हीलला घासत होते. विकायच्या आधी मालकाला हे माहीत नव्हतं, हे पटणं अवघड आहे, कारण पेडलचं रबर नवंकोरं होतं आणि मीटर दाखवत होता फक्त ७८ हजार किलोमीटर.

मीटर मागे फिरवणं आता लॅपटॉपचं काम झालंय, म्हणून मीटरवर विश्वास नको. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, स्टिअरिंगचा घासलेला गुळगुळीतपणा, गिअरच्या नॉबवरचे पुसलेले आकडे यांचा मीटरशी मेळ बसतो का ते पाहा. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. चॅसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मागा, तिथे प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात. हे काम टाळू नका, त्यात अर्धा दिवस जाईल पण लाखभर वाचतील.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्याकडे फार कमी लोक पाहतात, म्हणून त्यावर थोडं जास्त. गाडी तापते अशी तक्रार असली की सोपा उपाय म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरतं, रिकाम्या गाडीचा काटा खाली राहतो, आणि गिऱ्हाईक खूश होतो. मूळ रोग, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, थकलेला व्हिस्कस फॅन किंवा गेलेला हेड गॅस्केट, तसाच राहतो. भाराने घाट चढताना तो उभा ठाकतो. पकडायचं असं: गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी थंड असताना स्टार्ट करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. पंख्यापासून हात जपा. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. तुम्ही पोचायच्या आत कुणी ‘गरम करून ठेवली’ असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. रेडिएटरची कॅप थंड इंजिनावरच उघडा. कूलंटच्या जागी विहिरीचं तांबडं पाणी दिसलं, किंवा इंजिन चालू असताना बुडबुडे सारखे येत राहिले, तर तिथूनच परत फिरा.

डिफरन्शियलचं क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले गिअर) घरघरत असेल तर त्यात जाड तेल किंवा चिकट ॲडिटिव्ह ओततात. जुन्या पठडीतले लाकडाचा भुसाही घालत. आवाज महिनाभर दबतो. लेव्हल प्लग उघडून बोट बुडवा. प्लगच्या मॅग्नेटवर बारीक करडा लेप असणं ठीक आहे, पण चकाकते तुकडे असले किंवा तेल तार धरत असलं तर नाही म्हणा. चालवताना ताशी ५०-६० ला ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर बदलणारा हूं हूं आवाज याच जागचा. इंजिनातही हीच युक्ती चालते: पातळ तेलाच्या जागी जाड २०डब्ल्यू-५० भरलं की टकटक आणि धूर दोन्ही काही दिवस कमी दिसतात. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडा. धुराचे झोत उसळले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत.

ब्रेकसाठी इंजिन चालू ठेवून पेडल अर्धं मिनिट जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली गेलं तर ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळतोय. ब्रेक ऑइल काळं झालं असेल तर ते बदलल्याशिवाय चोर्ल्यात किंवा आंबोलीत ट्रेलर उतरवू नका. पाणी शोषलेलं ऑइल उतारावर उकळतं आणि पेडल पोकळ लागतं.

पाटे आणि स्प्रिंगा. बोलेरोला मागे पाटे असतात. बसलेल्या पाट्यांत एक जादा पाटा घालून गाडी वर केलेली असते, त्याचा रंग आणि गंज बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो. स्कॉर्पिओच्या कॉइलमध्ये रबरी ठोकळे ठोकून ही लबाडी करतात, ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

सीमाभागाला एक वेगळा धोका आहे तो पुराच्या गाड्यांचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला कोल्हापूर-सांगलीत पंचगंगा-कृष्णेच्या पाण्यात असंख्य गाड्या बुडाल्या. २०१९ ला आपल्याकडेही गोकाक, चिक्कोडी, अथणीच्या बाजूला तेच झालं. एका राज्यातली बुडालेली गाडी दुसऱ्या राज्यात विकणं सोपं, कारण तिथे तिला कुणी ओळखत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ असते. स्टेपनीखालच्या खोबणीतली माती, सीटच्या रुळांवरचा गंज, फ्यूज बॉक्समधली हिरवट बुरशी पाहा. शॅम्पूने धुतलेल्या कार्पेटवर हे काहीच दिसत नाही, पण कार्पेट उचलल्यावर दिसतं.

कोणती गाडी घ्यावी? चॅसिस वेगळी असलेली, मागची चाकं ओढणारी: बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, इनोव्हा (हायक्रॉस नव्हे), फॉर्च्युनर. इथे नावावरूनही फसवतात. जुनी टाटा सफारी चॅसिसवरची होती. २०२१ ला त्याच नावाने आलेली सफारी मोनोकॉक बॉडीची (वेगळी चॅसिस नसलेली) आणि पुढची चाकं ओढणारी आहे. ‘सफारी म्हणजे सफारीच’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. बोलेरो दणकट खरी, पण १.५ लिटरच्या इंजिनाची ताकद ७५ अश्वशक्तीच्या आसपास, तर २.२ लिटर एमहॉक स्कॉर्पिओची १२०. गोव्याच्या घाटांसाठी आम्ही स्कॉर्पिओच सुचवू.

ट्रेलरच्या वजनातही फसवतात. ‘फक्त ४८० किलो’ हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. पाण्याची ६० लिटरची टाकी ६० किलो, भरलेला घरगुती सिलिंडर जवळजवळ ३० किलो, गाद्या, भांडी, बॅटरी धरून तो सहज ६५०-७०० वर जातो. भरून एकदा वजनकाट्यावर न्या. हुकावर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार पडला पाहिजे, म्हणजे ७०० किलोला ३५ ते ७०. घरातला वजनकाटा ट्रेलरच्या नाकाखाली ठेवून तो मोजता येतो. कमी पडला तर ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा झुलतो. हा भार गाडीच्या पेलण्याच्या वजनातूनच वजा होतो, हेही लक्षात ठेवा.

म्हणून चाचणी अशी घ्या: पाच माणसं आणि सिमेंटच्या चार गोण्या, म्हणजे सव्वापाचशे किलोच्या आसपास, आरसीवरच्या एकूण वजनाच्या आत, आणि तवंदी किंवा वंटमुरीचा चढ. वर पोचल्यावर इंजिन बंद करून लगेच परत चालू करा. विकणारा यालाच नकार देतो, आणि तो नकारच बरंच काही सांगतो.

कागदांत ‘एनओसी मागाहून देतो’ हे वाक्य कोल्हापूरच्या एमएच-०९ च्या गाड्यांसोबत फार ऐकू येतं. फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज असेल तर फॉर्म ३५, आणि टीटीसाठी (गाडी नावावर करण्यासाठी) सही केलेले फॉर्म २९-३० हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर कर्नाटकची नोंदणी करावी लागते, आणि लाइफटाइम टॅक्स गाडीच्या वयानुसार वेगळा भरावा लागतो. किंमत ठरवताना तो धरा. पंधरा वर्षं झालेल्या, पण वीस वर्षांच्या आतल्या कारच्या पुनर्नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आहे. ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी लागते. विमा कंपनीकडून ट्रेलर ओढण्याची नोंद पॉलिसीवर लेखी घ्या. जुन्या गाड्यांच्या डीलरला एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते दाखवायला सांगा.

डीलरकडून फसलाच असाल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या कायद्याने तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे डीलर कोल्हापूरचा असला तरी बेळगावात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्यासाठी ‘टोइंग रेडी’ची चिठ्ठी, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. हुक काढायच्या आधी जागेवरच त्याचे फोटो आणि मेकॅनिकचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. खानापूरच्या त्या कुटुंबाने अँगल कापून भंगारात दिला आणि मग तक्रारीचा विचार केला. हातात राहिलं फक्त सत्तर हजारांच्या घरातलं दुरुस्तीचं बिल.