कम्युनिटी कॉलेजात सीएनए आणि पियानो : दहा महिन्यांनंतर

जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या आमच्या घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, मी एकदम दोन गोष्टींना नाव घातलं. एक सर्टिफाइड नर्स असिस्टंटचा, म्हणजे रुग्णांची रोजची सेवा करणाऱ्या मदतनिसाचा, सीएनएचा कोर्स, आणि दुसरी संगीत विभागाची मूलतत्त्वं नि पियानोचा पहिला वर्ग. वय ४४. आता ऑक्टोबर संपत आला. परीक्षा झाली, सर्टिफिकेट आलं, चार महिने एका नर्सिंग होममध्ये (इथे हे म्हणजे वृद्ध, आजारी माणसांच्या कायम देखभालीचं ठिकाण) आठवड्याला तीन पाळ्या करते आहे, आणि पियानोच्या दुसऱ्या वर्गात बसते. मंडळातल्या मैत्रिणी वारंवार विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीतून शाळेत जायचं, तंबोऱ्यांना तारा चढवताना बघत रेंगाळायचं, आणि घरात कुणी आजारी पडलं की वानलेस रुग्णालयाची वाट धरायची, हे लहानपण. गाव दवाखान्यांचं आणि तंबोऱ्यांचं. त्यामुळे इथल्या समुपदेशक बाईंना ही जोडी नवलाची वाटली तरी मला वाटली नाही. पण सीएनएचं खरं कारण बाबा. गेल्या वर्षी ते घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळले. मी धावत गेले तेव्हा पाठीला, माकडहाडापाशी जखम झालेली होती. मी पलंगाशी उभी होते आणि त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते मला कळत नव्हतं. ते दिवस आठवले की अजून गलबलतं.

आधी पैशांचं. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झालं असेल तर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (विषयाचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर फी पडते. तीन युनिटांच्या विषयाला १३८. वास्तव्याची अट पूर्ण नसेल तर आकडा कितीतरी पट चढतो, म्हणून नव्याने आलेल्यांनी घाई करू नये. एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, मात्र नोकरीसाठी ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात हवं. सीएनएला फीशिवाय बोटांचे ठसे, क्षयरोगाची तपासणी, लसींचे कागद, सीपीआरचं (हृदय थांबल्यास छाती दाबून द्यायच्या प्रथमोपचाराचं) कार्ड, गणवेश आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ लागतं. ही जमवाजमव मी डिसेंबरातच केली, आणि म्हणूनच जागा टिकली. कागद वेळेत न आल्याने दोघींना पहिल्याच आठवड्यात जावं लागलं.

या देशात नर्सिंग होममधल्या मदतनिसाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, हा १९८७ च्या केंद्रीय कायद्यातून आलेला नियम. कॅलिफोर्नियाने तो वाढवून १६० तास केला आहे: ६० तास वर्गात आणि १०० तास प्रत्यक्ष माणसांपाशी. माझं स्पष्ट मत आहे की कोर्सची सगळी किंमत त्या १०० तासांत आहे. पुस्तकातलं घरी वाचून होईल. पण अर्धांगवायू झालेल्या माणसाला सदरा घालताना लुळा हात आधी घालायचा आणि काढताना चांगला हात आधी काढायचा, हे वाचून पाठ होतं. हाताला मात्र ते सात-आठ जणांना कपडे घातल्यावरच कळतं. उठवण्याआधी चाकखुर्चीचे ब्रेक लावायचे, कमरेला पट्टा बांधायचा, माणसाचे पाय जमिनीला टेकलेत हे बघायचं, आणि तीन म्हणताच दोघांनी एकदम उठायचं. पहिल्या आठवड्यात मी एका आजोबांना दंडाला धरून उठवायला गेले. आमच्या शिक्षिका मागून आल्या आणि माझा हात त्यांनी अलगद बाजूला केला. खांदा निखळतो अशाने, एवढंच म्हणाल्या. बाबांना आम्ही सगळे दंडाला धरूनच उठवत होतो.

श्वास मोजायला शिकवलं ती पद्धत मला फार आवडली. माणसाला सांगितलं की तो श्वास बदलतो, म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीकडे वळवायची. पूर्ण मिनिटभर. गाण्याच्या शिकवणीत गुरुजी ठेक्याकडे लक्ष ठेवून गायला लावत, तशीच ही दुहेरी एकाग्रता. वर्गात मला एवढी एकच गोष्ट पहिल्याच दिवशी जमली.

कष्टांचंही सांगायला हवं. पहाटे सव्वासहाला हजेरी. तास सरकारी नियमाचे, त्यामुळे बुडवले तर भरून काढावेच लागतात. मुलीच्या तापात एक दिवस गेला तो मी सुट्टीत भरला. ज्या नर्सिंग होममध्ये आम्हाला पाठवलं तिथे एकेका मदतनिसाकडे इतकी माणसं होती की काही दिवस आम्ही शिकण्यापेक्षा रिकामी जागा भरून काढत होतो. याबद्दल आम्ही शिक्षिकांकडे लेखी तक्रार दिली, मग फरक पडला. विष्ठा, लघवी, उलटी साफ करणं हे रोजचं काम आहे. ते ज्यांना जमणार नाही असं वाटतं त्यांनी फी भरण्याआधी एखाद्या वृद्धाश्रमात आठवडाभर सेवा करून बघावी. पगार कामाच्या मानाने कमीच. सीएनएला औषधं देता येत नाहीत. पुढे एलव्हीएन किंवा आरएन (परवानाधारक नर्सच्या दोन पायऱ्या) व्हायचं असेल तर ही पहिली पायरी चांगली.

आता पियानो. खोलीत ओळीने इलेक्ट्रॉनिक पियानो, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, आणि बाई आपल्या टेबलावरून हव्या त्या विद्यार्थ्याचं वाजवणं ऐकतात. मी गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा परीक्षेपर्यंत गाणं शिकलेली. मला वाटलं होतं सोपं जाईल. गेलं नाही. आपल्याकडे एक सूर पुढे जातो. इथे दोन हातांनी दोन वेगळ्या ओळी, त्याही ट्रेबल आणि बास अशा दोन वेगळ्या खुणांनी (क्लेफ) लिहिलेल्या, वाचत वाजवायच्या. मार्चपर्यंत डावा हात उजव्याचंच ऐकायचा.

शिवाय गंधार. घरी तंबोऱ्याच्या ॲपवर सा-प लावून पियानोवरचा शुद्ध गंधार वाजवला की तो चढा लागायचा. वाद्य बिघडलंय असं वाटून मी जागा बदलून घेतली. मग मूलतत्त्वांच्या वर्गात उलगडा झाला: पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, प्रत्येक भाग १०० सेंटांचा (सेंट हे सुरांतलं अंतर मोजायचं माप), त्यामुळे तो गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो, आणि तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा सुमारे ३८६ वर. चौदा सेंटांचा फरक कान पकडत होता. त्या दिवशी मला लहानपणच्या शिकवणीचा अभिमान वाटला.

त्याच वर्गात आणखी एक आनंद मिळाला. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर 'सी'पासून निघालं की बिलावल, 'डी'पासून काफी, 'ई'पासून भैरवी, 'एफ'पासून कल्याण, 'जी'पासून खमाज, 'ए'पासून आसावरी. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा एका काळ्या पट्टीला हात न लावता. 'बी'पासून निघालं तर शुद्ध पंचमच सापडत नाही, म्हणून त्याला आपल्याकडे थाट नाही. मी फळ्यावर हे लिहून दाखवलं, तेव्हा बाईंनी तो फळा आठवडाभर पुसू दिला नाही.

उणिवा इथेही आहेत. सरावाच्या खोल्या शनिवार-रविवारी बंद, आणि नोकरी करणाऱ्यांना तेवढेच दोन दिवस मोकळे. पास झालेला वर्ग साधारणपणे पुन्हा घेता येत नाही, त्यामुळे पाया कच्चा राहिला तरी पुढच्या वर्गात जावं लागतं. म्हणून मैत्रिणींनो, पहिल्याच सत्रात घरी एक साधा की-बोर्ड घ्या. माझा जुना, दुसऱ्याकडून घेतलेला आहे, पण ८८ पट्ट्यांचा. ६१ पट्ट्यांवर पुढचे धडे बसत नाहीत.

दोन्ही एकत्र झेपतं का? सीएनएच्या सत्रात पियानोचा एकच युनिटाचा वर्ग घ्या, मूलतत्त्वं नंतर. मी तिन्ही घेतले आणि एप्रिलमध्ये जेवायची शुद्ध नव्हती. पण थकून आल्यावर वीस मिनिटं हेडफोन लावून बसायला मिळालं म्हणून मी टिकले, हेही तितकंच खरं. नर्सिंग होममध्ये एक आजी आहेत. स्मृती गेलेली, दात घासू देत नाहीत, मुठी आवळतात. मी त्यांच्या उच्छ्वासाबरोबर खर्जात हलका सा धरते. काही दिवस मुठी सुटतात. काही दिवस नाही सुटत, मग आम्ही तासाभराने पुन्हा बघतो.

मे महिन्यात मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. बाबांकडे ब्युरोतून येणाऱ्या मावशींना मी दुहेरी चादरीची घडी कमरेखाली घालून, दंडाला हात न लावता वळवायचं कसं ते उशीवर करून दाखवलं. पोटऱ्यांखाली उशी द्यायची म्हणजे टाचा अधांतरी राहतात, हेही. मावशींनी दुसऱ्या दिवशी आईला कॅमेरा धरायला लावून स्वतः करून दाखवलं, माझ्यापेक्षा सफाईने. दर दोन तासांनी कूस बदलायची. जखम भरायला अडीच महिने लागले. बाबांच्या पलंगावर भिंतीला एक वहीचं पान चिकटवलंय: आठला डावी कूस, दहाला उताणे, बाराला उजवी. अक्षर मावशींचं आहे.