होम असिस्टंट : जुन्या पीसीवरून घरातले लाईट, दीड वर्ष वापरून झाल्यावर

आधी हे सगळं का केलं ते सांगतो. आमच्याकडे बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी आजी आहे, वय ८७, गुडघे पार गेलेत, रात्री दोनदा तरी उठते आणि पॅसेजच्या लाईटचं बटण नेमकं पॅसेजच्या पलीकडच्या टोकाला. म्हणजे अंधारात सात-आठ पावलं भिंत चाचपत जायचं. म्हणून पहिल्यांदा एका कंपनीचे ॲपवर चालणारे प्लग आणले, नाव घेत नाही, सुरुवातीला बरे चालले. मग ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, लाईट गेली, ती दीड दिवसाने आली पण इंटरनेट चार दिवस आलंच नाही, आणि ते चार दिवस प्लग नुसते निळे लुकलुकत बसले. माझ्या घरातला दिवा, माझ्या घरातला फोन, मध्ये फक्त एक भिंत, आणि हुकूम मात्र परदेशातल्या सर्व्हरवरून फिरून येणार! आजी त्या चारही रात्री टॉर्च उशाशी घेऊन झोपली. मला ते फार लागलं.

तेव्हा होम असिस्टंटकडे वळलो. हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पाउलस शाउटसेन नावाच्या माणसाने २०१३ मध्ये सुरू केलं, आणि आता जगभरचे लोक मिळून लिहितात. आपल्याच घरच्या कॉम्प्युटरवर चालतं, घरातल्या वायफायवरून लाईटशी थेट बोलतं, बाहेरचं इंटरनेट असो वा नसो. माझ्याकडे ४ जीबी रॅमचा एक जुना डेस्कटॉप धूळ खात पडला होता, त्यात एसएसडी टाकली आणि त्यावरच चढवलं. घरातल्या कुठल्याही पीसीच्या ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता आणि पोर्ट ८१२३ टाकलं की अख्ख्या घराची बटणं समोर. फक्त डेस्कटॉप २४ तास चालू ठेवायचा तर वीज खातो, माझा साधारण ४० वॉट घेतो म्हणजे दिवसाला जवळपास १ युनिट, त्यामुळे नवीन घेणार असाल तर छोटा मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय बघा.

लाईटसाठी बोर्डच्या मागे सोनॉफ मिनी (वायफायवरून लाईट चालू-बंद करणारे छोटे रिले, म्हणजे स्विच) बसवले, त्यात कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टॅस्मोटा हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकलं म्हणजे कंपनीच्या सर्व्हरचा संबंधच तुटला. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भिंतीवरचं जुनं बटण तसंच चालतं, त्याच्या दोन वायरी सोनॉफच्या एस१ आणि एस२ ला जोडायच्या (पण त्या बटणाच्या वायरीत मेनची वीज अजिबात राहता कामा नये, हे काम वायरमनकडूनच करून घ्या, मीही तेच केलं). आईला कॉम्प्युटरशी काही देणंघेणं नाही, ती बटण दाबते, लाईट लागते, बस. घरातल्या मोठ्यांना नवीन काही शिकायला लागलं तर ती वस्तू घरात टिकत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या घरात खरी अडचण न्यूट्रलची, सोनॉफला स्वतः चालायला बोर्डात फेजबरोबर न्यूट्रल वायरही लागते. आमच्या चार बोर्डांपैकी दोनात फक्त फेज आणि स्विचमधून परत जाणारी वायर, न्यूट्रल वर छताकडूनच गेलेला. वायरमनने एकाच्या शेजारच्या सॉकेटमधून ओढून दिला, दुसऱ्याला पट्टी मारून नवीन वायर घ्यावी लागली. सामान मागवायच्या आधी बोर्ड उघडून बघा.

गीझर या छोट्या रिलेवर लावू नका. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो आणि हे रिले १० चे, रोज तासभर त्या काठावर चालवणं म्हणजे वायरी तापवणं. आम्ही गीझरला १६ अँपिअरचा वेगळा घेतला, आणि टॅस्मोटाच्या सेटिंगमध्ये पॉवरऑनस्टेट ० ठेवलं, म्हणजे लाईट जाऊन आली तरी गीझर आपोआप चालू होत नाही. हे एक सेटिंग विसरू नका.

आता आजीचं. पलंगाच्या खाली पायाच्या बाजूला एक छोटा झिगबी मोशन सेन्सर (हालचाल ओळखणारा, वायफायऐवजी झिगबी नावाच्या वेगळ्या वायरलेसवर चालणारा) चिकटवलाय, त्याचे सिग्नल घ्यायला पीसीला यूएसबी डोंगल. आजीने पाय जमिनीवर टेकवले की पॅसेजचा बल्ब मंद पिवळा लागतो, तीन मिनिटांनी विझतो. पूर्ण उजेड नाही, डोळ्यांवर येत नाही. पहिल्या रात्री ती मला हाक मारून म्हणाली, "अरे लाईट तू लावलीस का?" दुसऱ्या रात्रीपासून हाक नाही. टॉर्च कपाटात गेली.

दिवाळीत आकाशकंदीलही यावरच होता. बडोद्याचा सूर्यास्त ते स्वतःच काढतं, रोजची वेळ बदलायला नको, अकराला बंद.

शिकायला मात्र वेळ लागतो, माझे तीन रविवार गेले. दर महिन्याला नवीन व्हर्जन येतं, कधी जुन्या गोष्टींची पद्धत बदलते, तेव्हा आधी बॅकअप घ्यायचा. आणि पंख्याचं अजून जमलेलं नाही, साधा रिले फक्त चालू-बंद करतो, स्पीडसाठी वेगळं मॉड्यूल लागतं, तोवर रेग्युलेटर हातानेच फिरवतोय. म्हणून ५ पैकी ४.