बिनतारी एचडीएमआय, आठ महिन्यांनंतर: चित्र ठीक, डिंक भिकार

काल संध्याकाळी हॉलमधला पंखा पुन्हा आपोआप बंद पडला, म्हणून हे लिहायला बसलो.

एचडीएमआय म्हणजे टीव्हीला चित्र आणि आवाज देणारी वायर. तिचं काम हा डब्यांचा जोड वायरीशिवाय करतो: हॉलमधल्या सेट-टॉप बॉक्सला लावलेला ट्रान्समीटर चित्र पाठवतो, मागच्या खोलीतल्या टीव्हीला लावलेला रिसीव्हर ते घेतो. डिचोलीतलं आमचं घर जुनं, चिऱ्यांचं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा मागच्या खोलीत असतात. ती खोली मागाहून जोडलेली, त्यामुळे हॉल आणि तिच्यामधे जुनी बाहेरची भिंत आहे, चांगली दीड फुटी. दुसऱ्या कनेक्शनचे महिन्याला दोनशे रुपये जाणार होते. हा जोड सात हजारांना मिळाला. तीन वर्षं टिकला तर पैसे वसूल, असा हिशेब केला.

पहिले दोन आठवडे मी कंपनीला शिव्या घातल्या. खोक्यावर ५० मीटर लिहिलंय आणि इथे नऊ मीटरांत चित्राचे चौकोन पडायचे. मग दोष माझाच निघाला. रिसीव्हर टीव्हीच्या मागे आणि शेजारी लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना जाड भिंत जड जाते आणि लोखंडातून तर वाटच नाही. ट्रान्समीटर फळीवर चढवून दाराच्या रेषेत आणला, रिसीव्हर कपाटापासून दूर पुढे घेतला. तेव्हापासून चित्र स्वच्छ. लाकडी दार बंद असलं तरी चालतं. जूनमधे भिंत ओली झाल्यावर दोन-तीनदा अडखळलं, तेवढंच.

उशीर मात्र आहे. फुल एचडी चित्र कच्चं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट लागतात, म्हणून डबा ते दाबून पाठवतो आणि पलीकडे पुन्हा उलगडतो. त्यात क्षणभर जातो. फातोर्ड्याच्या फुटबॉल मॅचला आम्ही हॉलमधे ओरडतो तेव्हा बाबांच्या टीव्हीवर खेळाडूचा पाय अजून मागेच असतो. "तुमी आधी बोंब मारू नकात," असा हुकूम आहे. दोन्हीकडे चॅनेलही एकच. आईची मालिका लागली की बाबांनाही मालिका.

आता मूळ तक्रार. बाबांनी खोलीतून रिमोट दाबला की तो हॉलपर्यंत पोचवायला एक बारीक वायर येते, टोकाला हरभऱ्याएवढा डोळा. तो सेट-टॉप बॉक्सवर चिकटवायचा. सात हजारांच्या वस्तूला जो डिंक दिलाय तो चवथीच्या मखराच्या कागदी फुलांनाही कोणी लावणार नाही. पहिल्या पावसात सुटला आणि डोळा वर तोंड करून लोंबकळू लागला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच आठवड्यात हॉलमधला पंखा रात्री मनाला येईल तेव्हा बंद-चालू व्हायला लागला. इलेक्ट्रिशियन आला, दोनशे रुपये घेऊन "सगळं ठीक" म्हणून गेला. आई म्हणाली, "यंदा राखणदार देवचाराला रोट दिला नाहीस." मीही क्षणभर विचारात पडलो. शेवटी एकदा बाबांच्या खोलीत उभा असताना त्यांनी आपला पंखा बंद केला, आणि हॉलमधून आईची हाक आली, "गेला रे परत!"

दोन्ही पंखे एकाच कंपनीचे, रिमोटवाले. ती वायर टीव्हीचा रिमोट कुठला आणि पंख्याचा कुठला हे बघतच नाही. सगळे रिमोट न दिसणाऱ्या उजेडाने ३८ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतात, सगळं ती पुढे ढकलते. डोळा जागेवर असेपर्यंत उजेड बॉक्सवरच पडत होता, सुटल्यावर तो पंख्यापर्यंत पोचायला लागला.

वॉरंटीचंही सांगतो. मे महिन्यात गडगडाटात रिसीव्हरचा अॅडॅप्टर गेला. पणजीच्या सर्व्हिसवाल्याने तीन फोननंतर सांगितलं, अॅडॅप्टर वॉरंटीत नाही, पूर्ण संच पाठवा, महिना लागेल. घरातला जुना ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर लावला तर दर दहा मिनिटांनी चित्र काळं. २ अँपिअरचा लावला, झालं काम. फुकटात. आता पाऊस दिसला की प्लग काढतो.

भिंतीला भोक पाडायची तयारी असेल त्यांनी सरळ कॅट-६ (नेटवर्कची) वायर ओढून दोन्ही टोकांना एचडीएमआय एक्स्टेंडर लावावा, स्वस्त पडतं आणि डोकं खात नाही. आमच्या भिंतीला हात लावायचा नव्हता, म्हणून पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी हाच घेईन. डिंक धरून.

डोळ्यावर काळी इन्सुलेशन टेप मारली की पंखा शांत होतो. या हवेत ती पंधरा दिवस धरते. कालची सुटलीय, तीच आणायला बाजारात चाललोय.