आयर्लंडच्या जुन्या बाजाराचा खजिना: डूखस संग्रह

खेड्यातला जुना व्यवहार समजून घ्यायची आवड असेल, तर डूखस या आयरिश लोकसाहित्याच्या ऑनलाइन संग्रहातला शाळांचा विभाग जरूर वाचा. फुकट आहे. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरच्या-शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या, त्यांची पानं इथे आहेत. बऱ्याच पानांचा मजकूर स्वयंसेवकांनी टंकून दिलाय, त्यामुळे अक्षर लागलं नाही तरी अडत नाही. मी ‘खरेदी-विक्री’ हा विषय उघडला आणि जत्रांवरून तिथल्या सौद्यांच्या चालीरीतींत शिरले.

माझे सासरे इंदूरच्या तुकोजीराव क्लॉथ मार्केटात जन्मभर दलाली करत, म्हणून मला ओढ मधल्या माणसाची. आयर्लंडातल्या जनावरांच्या जत्रेत त्याला टँगलर म्हणत. भाव ऐकून गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की हा त्याला दंडाला धरून परत आणायचा, ‘फरक अर्धा अर्धा करा’ म्हणायचा आणि दोघांचे हात ओढून जुळवायचा. तळव्यावर थुंकून हातावर हात मारला की सौदा पक्का! विकलेल्या जनावराच्या अंगावर चिखलाची खूण करत, म्हणजे दुसरं कुणी भाव विचारणार नाही. आपल्या बैलबाजारात तिसऱ्याला कळू नये म्हणून रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. तिथे सगळं भर रस्त्यात, कारण बघणारे लोक हेच साक्षीदार.

मला सगळ्यात भावली लक पेनी. पैसे मोजून घेतले की विकणारा त्यातलेच थोडे गिऱ्हाइकाला परत द्यायचा, जनावर लाभावं म्हणून. ते किती, यावरही घासाघीस व्हायची.

दुकानांची हकिकतही वाचण्याजोगी आहे. अंडी-लोणी देऊन चहा-साखर न्यायची, उधारी शेतात राबून फेडायची, रविवारी चर्च सुटलं की दाराबाहेरच विक्री. मात्र उधारीच्या आठवणी वाचताना गाँबीन मॅन, म्हणजे सावकारी करणारा दुकानदार, विसरू नका. त्याच्या वहीत अडकलेली माणसं सहजी सुटत नसत.

आयरिश भाषेतली पानं मला वाचता येत नाहीत, पण इंग्रजीतलीच संपता संपत नाहीत. सुरुवात गॉलवे काउंटीपासून करा. बॅलिनस्लोचा ऑक्टोबरातला घोड्यांचा प्रसिद्ध बाजार तिथलाच. मी आता केरी काउंटीची पानं घेतलीत. तिथे किलॉरग्लिनला १० ते १२ ऑगस्टच्या जत्रेत रानबोकडाला मुकुट घालून राजा करतात, आणि पहिला दिवस घोड्यांच्या बाजाराचा असतो.